कथंचित दिली

माणसानं नियम घ्यावा तर वांग्याचा घ्यावा. गुळाचा घ्यावा, तंबाखूचा घ्यावा, फार तर आठवड्यातनं एक दिवस मौन धरावं. आमच्या घरात सगळ्यांनी घेतलेत असले नियम, कुणाचं काय अडलं न्हाई. पण आमच्या मालकांनी गेल्या साली चातुर्मासात जो नियम घेतला, तसला उभ्या सांगली जिल्ह्यात कुणी घेतला नसंल आणि घेऊ बी नये. माझं टाळकं अजून तापतंय बगा नुसतं आठवलं तरी.

मी गुणमाला. मालकांचं नाव रामगोंडा पाटील. चार एकर ऊस, दोन म्हशी आणि दीपाली ही एकुलती एक पोरगी. ती सांगलीत एका लॅबमध्ये रक्त तपासायला असती, सकाळच्या गाडीनं जाती, दिवस मावळायच्या आत जेवायला घरात. मालक स्वभावानं गरीब हायत, पण अंगात खुमखुमी लय. शेजारच्या बाबगोंडांनी बोअर मारली की ह्यांनी मारायची, त्यांनी दारात फरशी घातली की ह्यांनी घालायची. दोघांचा बांध एक आणि खोड बी एक.

तर गेल्या साली आमच्या गावच्या बस्तीत, म्हंजे आमच्या जैन मंदिरात, मुनीमहाराजांचा चातुर्मास हुता. रोज सकाळी प्रवचन. एक दिवस महाराजांनी स्याद्वाद सांगितला. म्हणाले, "वस्तू एक असली तरी तिला बाजू अनेक असतात. एकच बाजू धरून 'असंच आहे' म्हणणारा माणूस अर्धंच बोलतो. म्हणून बोलताना 'स्यात्' धरावं. स्यात् म्हणजे कदाचित नव्हे. स्यात् म्हणजे कथंचित, एका अपेक्षेनं." लय गोड सांगितलं. मला बी पटलं. आता पटलेलं मनात ठेवून माणसानं घरी जावं का न्हाई?

प्रवचन संपल्यावर नियम घ्यायची वेळ आली. कुणी कारलं सोडलं, कुणी पलंग सोडला. बाबगोंडा उठले आणि दिवाळीपर्यंत गूळ सोडला म्हणाले. माणूस दिवसाला वाटीभर गूळ खाणारा, तवा सगळ्या बस्तीनं जयजयकार केला. मी बायकांच्यात बसलेली. तिथनंच मला ह्यांची मान ताठ झालेली दिसली. ती मान तशी ताठ झाली की काय तरी होतंयच.

हे उठले, नारळ हातात घेतला आणि म्हणाले, "आजपासनं दिवाळीपर्यंत मी एकांगी वाक्य बोलणार न्हाई. जे बोलंन ते अपेक्षा लावून बोलंन."

महाराजांनी ह्यांच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "बोलण्यातला मीपणा कमी व्हावा, एवढाच याचा हेतू. झेपेल का?"

"कथंचित," हे म्हणाले.

सगळी बस्ती हसली. मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्यात नियम न घेतलेला परवडला, पण घेतलेला मोडायचा न्हाई. मोडला तर त्यापरीस मोठं पाप न्हाई. म्हंजे आता दिवाळीपर्यंत सुटका न्हाई, एवढं मला तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा दिला आणि सवयीनं इचारलं, "साखर झाली का?"

"जिभेच्या अपेक्षेनं झाली. डॉक्टरांच्या अपेक्षेनं जास्त झाली."

"म्हशींना वैरण टाकलीसा?"

"काळीच्या अपेक्षेनं टाकली."

म्हंजे दुसरी म्हस उपाशी. उठून मीच टाकली. आठवडाभर मला वाटलं, हौस हाय, फिटंल. पण फिटायच्या ऐवजी ती अंगात मुरत चालली. झोपेत बी कूस बदलताना 'एका अपेक्षेनं' म्हणायचे.

मग डेअरीत झालं ते सांगते. दूध घालायला रोज हेच जायचे. तिथं माप घेणारा अर्जुना हाय, चेष्टेखोर पोरगा. तो रोज सगळ्यांनाच म्हणायचा, "काय मामा, पाणी न्हाई न्हवं दुधात?" आणि समदे हसून पुढं जायचे. त्या दिवशी ह्यांनी घागर खाली ठेवली, नीट विचार केला आणि म्हणाले, "एका अपेक्षेनं हाय."

मागं सगळी रांग उभी. अर्जुनाचं हसू गेलं. "किती हाय, मामा?"

"बरंच. दुधात निम्म्याच्या वर पाणीच असतंय की."

झालं! घागर परत, आणि तीन दिवस आमचं दूध बंद. बरं, परत आलेत तर तोंड पाडून यावं, तर न्हाई. खरं बोलून आल्यासारखे छाती काढून आले. त्या दिवशी दुधाचा खवा केला, दुसऱ्या दिवशी दही लावलं, तिसऱ्या दिवशी शेजारणींना वाटलं. चौथ्या दिवसापासनं घागर मीच उचलली आणि अर्जुनाला बजावलं, मला काय इचारायचं न्हाई, मुकाट्यानं माप घ्यायचं.

मग कारखान्याचा चिटबॉय उसाची नोंद करायला आला. पाटणकडचा नवखा पोरगा, मोटारसायकलवरनं बांधाला आला. "काका, हा ऊस तुमचाच का?"

"व्यवहाराच्या अपेक्षेनं माझा. निश्चयाच्या अपेक्षेनं बघितलं तर या जगात कुणाचंच काय न्हाई."

त्या पोराला वाटलं, भावकीत वाद हाय. नोंद न करताच निघाला. मी भांगलत हुते, खुरपं टाकून कॅनॉलपर्यंत त्याच्या गाडीमागं पळाले, पदर कुठं, मी कुठं. "आरं बाबा, आमचाच हाय ऊस! मालकांनी नियम घेतलाय!" त्यो म्हणतोय कसा, "मावशी, कसला नियम? ऊस सोडायचा?"

एवढ्यावर भागलं असतं तर मी काय बोलले नसते. पण हे याड गावाला लागलं. ते लागलं आमच्या सरपंचांमुळं, सयाजीरावांमुळं. पाण्याची टाकी बांधून दोन वर्सं झाली, पाणी अजून आलं न्हवतं, आणि ग्रामसभा तोंडावर आली हुती. ते एक दिवस आमच्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "रामूदादा, तुमचं ते काय हाय, जरा समजावून सांगा की."

ह्यांना तेवढंच पायजे. सात प्रकार असतात म्हणाले. एका अपेक्षेनं हाय. एका अपेक्षेनं न्हाई. एका अपेक्षेनं हाय आणि दुसऱ्या अपेक्षेनं न्हाई. आणि चौथा, अवक्तव्य, म्हंजे शब्दात सांगता न येणारं. पुढचे तीन यांचीच जोडणी.

सयाजीरावांनी सातातलं सहा तिथंच सोडलं आणि चौथं उचललं. ग्रामसभेत बनुबाई उठली, हंडाच घेऊन आलेली. "टाकीत पाणी कवा येणार?"

सरपंच उभे राहिले, टोपी सारखी केली. "अवक्तव्य."

"म्हंजे?"

"म्हंजे सांगता येण्यासारखं न्हाई. माझ्या मनचं न्हाई हे, शास्त्रात हाय. रामूदादांना इचारा."

सगळी सभा आमच्या मालकांकडं बघायला लागली, आणि मालकांनी मान डोलावली की वो! बनुबाई हंडा घेऊन खाली बसली. शास्त्रापुढं कोण बोलणार?

तवापासनं गावात सरळ उत्तर मिळायचं बंद झालं. शिंप्याला ब्लाऊज झाला का इचारलं तर, "कथंचित झालाय, हात राहिलेत." वायरमनला फोन केला, लाईट हाय का, तर, "तुमच्या अपेक्षेनं न्हाई, माझ्या अपेक्षेनं हाय." एसटीचा कंडक्टर परगावचा, पण त्याला बी वारा लागला. गाडी सांगलीला जाती का म्हटलं की म्हणायचा, "स्यात्." शाळेत एका पोरानं पेपरात सगळ्या प्रश्नांना अवक्तव्य लिहिलं आणि गुरुजींनी कथंचित पास केला. बिरदेव म्हणून एक हाय, त्यानं तर मोटारसायकलच्या नंबरपट्टीवर नंबर पुसून 'अवक्तव्य' रंगवून घेतलं. पोलिसांनी धरला तवा त्यानं काय उत्तर दिलं असंल, तुमीच बगा.

मी शेवटी वैतागून बस्तीत उपाध्येकाकांकडं गेले. काका पूजा करतात, शिकलेलं माणूस हाय, कवा आवाज चढवायचे न्हाईत. मी म्हटलं, "काका, ह्यो अवक्तव्य म्हंजे नेमका काय परकार हाय? गाव त्यानं बुडायला लागलंय."

काका म्हणाले, "गुणमाला, तुमच्या रानात ऊस उभा हाय. त्यात साखर हाय का?"

"हाय की. गोड लागतोय म्हंजे हायच."

"मग एक वाटी काढून दे चहाला."

"आवं, अशी कशी देऊ? ती कारखान्यात बनती."

"म्हंजे एका बाजूनं साखर हाय आणि एका बाजूनं न्हाई. ह्ये एकामागनं एक तू बरोबर सांगितलंस. आता दोन्ही एकाच दमात, एकाच शब्दात सांग."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. "कसं सांगणार? तोंड एकच हाय की."

"त्या जागेला आपल्या जुन्या लोकांनी अवक्तव्य नाव दिलंय. खरं दोन्हीकडनं एकदम येतंय आणि शब्द एकच जाऊ शकतोय, तवा माणूस थांबतो. टाकीत पाणी न्हाई ह्ये तर सरळ सांगता येतंय. ते लपवायला ह्यो शब्द न्हवं."

मला पटलं, पण सयाजीरावांना कोण पटवणार? आणि मला त्या शब्दाशी काय करायचं हुतं? माझ्या डोक्याला दुसराच घोर लागला हुता.

दीपालीचं जमत आलं हुतं. पोरगा सन्मती, विट्याजवळच्या गावचा. त्याच्या वडलांचं, भूपालअण्णांचं, तमिळनाडूत गलाईचं दुकान. तिकडं जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं, असा धंदा. विट्याकडची लय माणसं त्या धंद्यात हायत. सांगलीच्या एका पूजेत दोघांची गाठ पडली, मग फोन, मग काय ते. एक दिवस शेंगा फोडता फोडता दीपाली मला म्हणाली, "आई, मला ह्योच पायजे. दुसरा दाखवू नको." पोरगी कवा काय मागत न्हाई. बूट फाटला तरी मागत न्हाई. तिनं एवढं तोंड उघडून मागितलं म्हटल्यावर मी मनात गाठ मारली, की आभाळ कोसळू दे, ह्ये लग्न झालंच पायजे.

अडचण हुती भूपालअण्णांची. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं एका शब्दाचं. दिवसभर गिऱ्हाईक इचारतंय, सोनं शुद्ध हाय का, आणि त्यांनी सांगायचं, हाय न्हाईतर न्हाई. तिथं कथंचित म्हणाले तर संध्याकाळी दुकानाला कुलूप. तीस वर्सं असं बोलून त्यांना दुसरं बोलणं कळतच न्हवतं.

त्यांनी पहिला फोन केला तो नेमका ह्यांनीच उचलला. "पाटील, पोरगी द्यायच्या विचारात हायसा का?"

"विचाराच्या अपेक्षेनं हाय."

"आणि दुसऱ्या कुठल्या अपेक्षेनं न्हाई का काय?"

मी भाकरी तव्यावर टाकून धावले, फोन हिसकला आणि म्हटलं, "अण्णा, रेंज न्हाई, ह्यांचं मधलं मधलं ऐकू येतंय!"

भूपालअण्णांनी सांगून टाकलं. दसऱ्याला गावाकडं येणार, त्याच वेळी सुपारी फुटली पायजे, मग दुकानाला परत. कडेगावचं एक स्थळ त्यांच्या मागं लागलं हुतं. इथं जमलं न्हाई तर कडेगावकरांना शब्द देणार. मी दिवाळीनंतर ठेवूया म्हणून लय विनवलं. ते म्हणाले, "आक्का, दिवाळीला दुकानात पाय ठेवायला जागा नसती. दसरा म्हंजे दसरा."

आता आमच्यातली रीत सांगते. सुपारीला दोन्हीकडची माणसं बसतात. पोराचा बाप सगळ्यांसमोर पोरीच्या बापाला इचारतो, "पोरगी दिली?" बापानं म्हणायचं, "दिली." मग पोराचा बाप म्हणतो, "घेतली," आणि सुपारी फुटती. बाप जिता असताना ह्यो शब्द दुसऱ्या कुणी बोलून चालत न्हाई. सगळं लग्न त्या एका शब्दावर उभं, आणि नेमका तोच शब्द आमच्या मालकांना मोकळा बोलता येत न्हवता!

मी परत उपाध्येकाकांकडं. "काका, एका शब्दापुरती सूट न्हाई का?"

"सूट नियम घेतानाच ठेवायची असती. पण गुणमाला, खरं सांगू का? सरळ बोलायला महाराजांनी बंदी केलेलीच न्हाई. दुसरी बाजूच न्हाई असं म्हणायला बंदी हाय. मनात 'एका अपेक्षेनं' धरून नुसतं 'दिली' म्हणाला तरी चालतंय."

मी पळतच घरी आले आणि ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "शास्त्राच्या अपेक्षेनं काकांचं बरोबर हाय. पण मी नारळ हातात घेऊन 'अपेक्षा लावून' असं म्हणालोय. बाबगोंडा समोर बसलेला."

"बाबगोंडा गेला चुलीत! पोरगीचं काय?"

तवा मात्र त्यांचा चेहरा उतरला. मग मीच डोकं चालवलं. ह्यांनी म्हणायचं, "कथंचित दिली." पण 'कथंचित' जरा हळू म्हणायचं, आणि त्याच वेळी मी जोरात खोकायचं. नियमाचा नियम राहिला आणि भूपालअण्णांना नुसतं 'दिली' ऐकू गेलं. गोठ्यात तालीम घेतली. मी भूपालअण्णा व्हायची, इचारायची, "पोरगी दिली?" आणि लगेच गुणमाला होऊन खोकायची. पहिल्यांदा खोकला लवकर झाला, मग उशिरा झाला, मग जमलं. दीपाली दारात उभी राहून हसून हसून खाली बसली. म्हणाली, "आई, तुमचं दोघांचंच लग्न लावून द्यावं वाटतंय मला."

दसऱ्याच्या आदल्या रविवारी भूपालअण्णा आले. बरोबर सन्मती, अण्णांची बहीण मनुबाई आणि गावातली चार माणसं. आमच्याकडनं बाबगोंडा, उपाध्येकाका, सरपंच. सोप्यात सतरंज्या घातलेल्या. पुरणपोळी झाली, हात धुतले, समदे टेकून बसले. मी ह्यांना सांगून ठेवलं हुतं, जेवताना तोंडात घास ठेवायचाच, म्हंजे कुणी काय इचारायला नको. तेवढं निभावलं. पण जेवण झाल्यावर मनुबाईनं सुरू केलं.

"पोरगीचं वय काय म्हणालासा?"

"शरीराच्या अपेक्षेनं चोवीस," हे म्हणाले. "आत्म्याच्या अपेक्षेनं अनादि."

मनुबाईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "चोवीस, चोवीस. मार्चमध्ये पूर्ण झालं."

"तब्येतीनं कशी हाय?"

"आजच्या अपेक्षेनं बरी हाय."

"म्हंजे उद्या?" मनुबाईचा हात गालाला गेला.

"उद्या कुणाचं कसं असंल ह्ये ज्याला त्याला…"

"धडधाकट हाय!" मी मधीच ओरडले. "दगड खाल्ला तर पचवंल. मनुबाई, सुपारी घ्या."

भूपालअण्णा हे सगळं बघत हुते. त्यांच्या कपाळाला एक आठी पडली, मग दुसरी पडली. सन्मती खाली मान घालून सतरंजीचे धागे उपसत बसलेला. बिचाऱ्याला दीपालीनं सगळं सांगितलेलं हुतं, पण बापाला सांगायची छाती झाली नसंल. शेवटी अण्णा म्हणाले, "पाटील, मी गलाईवाला माणूस. मला गोल गोल बोलणं जमत न्हाई. मी रीतीप्रमाणं एकदाच इचारतो. सरळ उत्तर आलं तर सुपारी फोडायची, न्हाईतर आमी उठतो आणि जाताना कडेगाव गाठतो."

समदे सावरून बसले. दीपाली आतल्या दाराशी उभी, हिरवं लुगडं नेसलेली, दाराची चौकट हातात गच्च धरलेली. मी ह्यांच्या मागं जाऊन बसले आणि खोकल्यासाठी दम भरून घेतला.

"पोरगी दिली?"

मी खोकले.

पण ह्यांच्या तोंडातनं काय आलंच न्हाई. माझा खोकला एकटाच सोप्यात फिरून आला.

"पाटील?" अण्णा म्हणाले.

मी परत खोकले. काय न्हाई. मी पाठीत बोट टोचलं. काय न्हाई. तीन महिने एका प्रश्नाला ज्या माणसानं तीन तीन उत्तरं दिली, तो गप! मी कानाजवळ जाऊन कुजबुजले, मग माझा धीरच सुटला, मी मोठ्यानं म्हणाले, "आवं, कथंचित तरी म्हणा!"

सगळ्यांनी ऐकलं. बाबगोंडांनी मान वळवली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले. माणूस आई गेली तवा बी रडला न्हवता.

"येत न्हाई गं," हे म्हणाले.

"काय येत न्हाई?"

"दिली बी म्हणता येत न्हाई. न्हाई दिली बी म्हणता येत न्हाई. दोन्ही एकदम वर आलंय."

सयाजीरावांनी खाली बघितलं. उपाध्येकाकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. गावात ज्यानं त्यानं फेकून फेकून झिजवलेला त्यो शब्द त्या वक्ताला कुणाच्याच तोंडात आला न्हाई, आणि बरं झालं आला न्हाई.

भूपालअण्णांनी ह्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले. रीतीला सोडून हुतं, पण त्यांनी वळायचं मोठेपण दाखवलं. "आक्का, तुमचा तर काय नियम न्हाई. तुमी सांगा. पोरगी दिली?"

खरंच की! माझा कसला नियम? मी तर तीन महिने त्याच शब्दासाठी जीव टाकलेला. मला ह्ये लग्न पायजे हुतं, आज पायजे हुतं, आत्ता पायजे हुतं. गावभर 'सरळ बोला, सरळ बोला' म्हणून मीच घसा फोडलेला. मी म्हटलं, "सांगते की, त्यात काय," आणि तोंड उघडलं.

दीपाली चौकटीत उभी. हिरवं लुगडं माझंच, माझ्या लग्नातलं. निऱ्या सकाळी मीच घातलेल्या.

माझं तोंड उघडंच राहिलं. आत शब्द हुता, मला जाणवत हुता, पण त्याच्या मागनं दुसरा आला आणि दोघं दारात अडकले. मी खोकले. या वेळी खराखुरा खोकला आला.

"आगं बया," मनुबाई म्हणाली, "दोघं बी मुकी झाली की!"

भूपालअण्णा उठले. उपरणं झटकलं. चेहरा रागानं तांबडा झालेला, आणि चूक त्यांची न्हवतीच. तमिळनाडूतनं एवढा प्रवास करून माणूस एक शब्द न्यायला आला आणि त्याला खोकला मिळाला. सन्मती उठला, परत बसला, परत उठला. पोरीनं जन्मात एक गोष्ट मागितली आणि आमी दोघांनी मिळून तिचं वाटोळं केलं, एवढंच माझ्या डोक्यात.

"मामंजी, बसा," दीपाली बाहेर येऊन म्हणाली.

भूपालअण्णा थांबले.

"बाबांना इचारू नका. आईला बी नको. मला इचारा."

"तशी रीत न्हाई, पोरी."

"न्हाई तर न्हाई. पण जायचं मलाच हाय."

भूपालअण्णा तिच्याकडं बघत राहिले, मग आमच्या दोघांकडं बघितलं, मग परत तिच्याकडं. सतरंजीवर मांडी घालून बसले.

"येतीस?"

"व्हय," दीपाली म्हणाली.

बास. एकच शब्द. भूपालअण्णांचं तोंड असं फुललं! "घेतली!" म्हणून ओरडलेच, आणि सुपारी फुटली बी. मनुबाईनं पोरीला कुंकू लावलं, सयाजीरावांनी टाळ्या वाजवल्या, बाबगोंडांनी ह्यांना मिठी मारली. सन्मती घाम पुसत हसत हुता. कुणी तरी म्हणालं, तोंड गोड करा, साखर आणा.

साखर आणायला मी आत गेले. डबा काढला आणि तिथंच चुलीजवळ खाली बसले. मला वाटलेलं, सुटले एकदाची, आता आनंदानं नाचंन. जरा वेळानं हे आत आले. "काय झालं गं? बाहेर समदे साखरेची वाट बघतायत."

मी म्हटलं, "आवं, पोरगी लगेच म्हणाली वो. जरा बी थांबली न्हाई."

हे माझ्या शेजारी खाली बसले. बाहेरनं दीपाली हाका मारत हुती, "आई, साखर आण की, किती वेळ," आणि तिचा आवाज लय खुशीत हुता.